फाटकाबाहेरची निळी खोली

डॉक्टरांनी सासरेबुवांच्या नव्या गुडघ्यावर हळूच टिचकी मारली आणि सरांकडे वळून विचारलं, "घरी कमोड आहे ना?"

सर 'हो' म्हणणारच होते. डॉक्टरांच्या प्रश्नाला आधी हो म्हणायचं आणि प्रश्न काय होता ते नंतर बायकोला विचारायचं, अशी त्यांची पद्धत होती. पण बायको शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "नाही हो. आमच्याकडे जुन्या पद्धतीचं आहे. खाली बसायचं."

"मग नाही जमायचं. उकिडवं बसायचं नाही म्हणजे अजिबात नाही. पुढच्या आठवड्यात घरी सोडतो. तोवर सोय करा. आणि यांना चालवा. दिवसातून चार-पाच वेळा चालायला हवं. इथे तर पलंगावरून हलत नाहीत."

"हलून जायचं कुठे?" सासरेबुवा पलंगावरून म्हणाले. ते निवृत्त स्टेशनमास्तर होते आणि विनाकारण हालचाल त्यांना कोणत्याच गोष्टीची आवडत नसे, इंजिनाची तर नाहीच. मग त्यांनी जावयाकडे पाहिलं. "सोयीचं काय एवढं? घरात मोठा तज्ज्ञ आहे."

हा टोमणा होता, आणि तो समजायला थोडी माहिती लागते. सर शाळेत इतिहास शिकवत. राजे, लढाया आणि तह ते पुस्तकात आहेत तेवढे उरकून टाकत. त्यांचा जीव होता सांडपाण्यात. चार हजार वर्षांपूर्वीच्या एका शहरात घराघरातून पक्क्या विटांची, झाकलेली गटारं निघत होती, हे सांगताना त्यांचा आवाज कापरा होई. आणि त्यानंतर कित्येक शतकांनी मोठमोठ्या राजधान्यांतले लोक भांडी खिडकीतून थेट रस्त्यावर रिकामी करत, आधी एक आरोळी ठोकली की आपलं कर्तव्य संपलं असं समजत, हे सांगताना तोच आवाज संतापाने चढे. "माणसांना राजवाड्यावरून ओळखू नका, मोरीवरून ओळखा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलांनी त्यांचं नाव 'गटारसर' ठेवलं होतं. आपल्याला ते माहीत नाही असं सर दाखवत, आणि त्यांना ते माहीत नाही असं मुलंही दाखवत. सासरेबुवांना मात्र ते लेकीच्या लग्नानंतर लगेच कळलं होतं. "जावई काय करतात असं कुणी विचारलं तर शिक्षक आहेत म्हणून सांगतो," ते म्हणत. "विषय सांगत नाही."

तेव्हा सर त्याच संध्याकाळी प्लंबरच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

प्लंबर आला, त्याने संडासात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "दोन दिवसांचं काम." प्लंबरच्या दोन दिवसांवर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. पंचांगात ते सापडत नाहीत. पण फोडण्याच्या बाबतीत हा माणूस कलावंत होता. सर चहा घेऊन येईपर्यंत फरशी गेली होती, चहा पिऊन होईपर्यंत भिंतीचा खालचा भाग गेला होता, आणि जुनं भांडं मात्र कुठेही टवका न उडता अखंड बाहेर येऊन व्हरांड्यात बसलं होतं. मग प्लंबरने भिंतीतल्या भोकात हात घालून चाचपलं.

"सर, हा पाइप बघा. उभा चिरलाय. हात लावला की गेला."

"मग बदला."

"बदलतो की. पण हा तुमच्या एकट्याचा नाही. वरच्या सगळ्यांचं यातूनच खाली येतं. तुमचं तळमजल्यावर, म्हणजे सगळ्यांचा शेवट तुमच्याकडे. सोसायटीची परवानगी आणा, मग मी कापतो. वरच्यांनी त्या दिवशी वापरायचं नाही." एवढं बोलून त्याने हत्यारं पोत्यात भरली आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी संडास फोडायला निघून गेला.

सोसायटीचे सेक्रेटरी सरांच्या बरोबर डोक्यावर राहत, आणि ही गोष्ट त्यांच्या बोलण्यातही जाणवत असे. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"सामाईक पाइपाचा विषय कमिटीत घ्यावा लागतो. कमिटी महिन्याच्या पहिल्या रविवारी बसते. या महिन्याचा पहिला रविवार झाला."

"पण माझे सासरे दवाखान्यातून यायचेत. त्यांचा गुडघा..."

"सासऱ्यांबद्दल नियमात काही नाही," सेक्रेटरी खेदाने म्हणाले. खेद सासऱ्यांबद्दल होता की नियमांबद्दल, ते कळायला मार्ग नव्हता. "आणि हो, तुमचं ते भांडं व्हरांड्यात दिसतंय. ते हलवा. येणाऱ्या-जाणाऱ्यांवर काय छाप पडते?"

ज्याने हजारो वर्षांचा कचरा मुलांच्या डोक्यात भरला, त्याला एक भांडं टाकायला काय जड जाणार, असं सरांना वाटलं. सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा ते भांडं कवटाळून फाटकात उभे राहिले. गाडीवरच्या माणसाने भांड्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं.

"ओला की सुका?"

सर विचारात पडले. प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हता. "आत्ता सुका," ते म्हणाले. "पण मूळचा..."

"मूळचं सोडा. हे आमच्याकडे येत नाही. हा राडारोडा. राडारोड्याची गाडी वेगळी."

"ती कधी येते?"

"ती येत नाही. तिला बोलवावं लागतं." गाडी गाणं वाजवत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी सरांनी इकडे-तिकडे बघून भांडं कोपऱ्यावरच्या कचराकुंडीशेजारी हळूच ठेवलं आणि फिरायला आल्यासारखा चेहरा करून ते परतले. शाळेला निघताना वॉचमन दारात हजर. त्याच्या खांद्यावर भांडं.

"सर, हे विसरला होतात तिकडे," तो म्हणाला. त्याचा हेतू इतका स्वच्छ होता की सरांना त्याचे आभार मानावे लागले.

दरम्यान घरातल्या दोन माणसांची सोय समोरच्या इंजिनिअरांकडे लागली होती. त्यांचा पाइप इमारतीच्या दुसऱ्या अंगाला, धडधाकट. इंजिनिअर मनाने चांगला माणूस होता, पण त्याला गप्पांची आवड होती आणि त्याची खुर्ची नेमकी संडासाच्या वाटेवर होती. सर टॉवेल खांद्यावर टाकून घाईघाईने आत शिरत आणि इंजिनिअर म्हणत, "या या! बसा. नाही, आधी जाऊन या. बरं, एवढं सांगा, त्या जुन्या शहरातल्या गटारांना उतार किती होता हो?" एरवी या प्रश्नासाठी सरांनी जीव टाकला असता. पण आपल्या आवडत्या विषयावर आपल्याला एका पायावर उभं राहून बोलावं लागेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर इंजिनिअरांच्या पत्नी "लवकर झालं!" किंवा "आज वेळ लागला!" असं आपुलकीने म्हणत, त्यामुळे तर दुसऱ्या वेळी जायचा धीरच होत नसे. आठवड्याच्या शेवटी इंजिनिअर नवरा-बायको मुलीकडे राहायला गेले. जायचं आधीच ठरलं होतं, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, सासऱ्यांना दवाखान्यातच ठेवा. कुणी म्हणालं, भोकाची खुर्ची मिळते ती आणा. ती सरांच्याही मनात होती. एक राजा तसल्याच खुर्चीवर बसून मंत्र्यांना भेटत असे, असं त्यांनी बायकोला ऐकवलंही. बायको म्हणाली, "राजाचं ठीक आहे. त्याच्याकडे नोकर होते. खुर्चीखालचं भांडं आपण रिकामं कुठे करायचं? खिडकीतून?"

इतिहासात याचं उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

"अहो, उद्या बाबा येणार," बायको म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच आपल्याकडे राहायला येतायत. किती मिनतवाऱ्या केल्यात मी. उद्या दारातून परत जावं लागलं ना, तर पुन्हा पाऊल ठेवायचे नाहीत."

त्या दिवशी सर वर्गात उभे होते, पण मन घरच्या भोकात होतं. धडा बंदराचा होता. बोलता बोलता ते नेहमीच्या वाटेला लागले. गेल्या शतकात गोदीत जहाजं बांधणाऱ्या कामगारांना संडासासाठी पार किनाऱ्यापर्यंत चालत जावं लागे, त्यात कामाचा वेळ जाई, म्हणून मग जहाजावरच ठेवता येतील अशा उचलत्या खोल्या तयार झाल्या, त्यांच्या खाली टाकी...

सर थांबले. खडू हातातच राहिला. "मुलांनो," ते म्हणाले, "वाचा पुढचं मनातल्या मनात," आणि शिक्षकांच्या खोलीतल्या फोनकडे जवळजवळ पळत सुटले.

समारंभांना मांडव आणि खुर्च्या भाड्याने देणारा एक सामानवाला गावाबाहेर होता. त्याच्याकडे ती वस्तू निघाली. संध्याकाळी टेम्पोवर उभी राहून ती गल्लीत शिरली: निळी, प्लास्टिकची, उंच आणि डुलणारी. वरच्या गच्च्यांमधून माणसं वाकून बघू लागली. दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं: 'फक्त प्रमुख पाहुण्यांसाठी'.

"हे पुसता नाही आलं?" सरांनी विचारलं.

"मोठ्या सभेतून आलीय थेट," सामानवाला अभिमानाने म्हणाला. "एकदम स्वच्छ. भाषणं लांबली, कुणी आत गेलंच नाही."

फाटक अरुंद निघालं. खोली सरळ घुसवून पाहिली, आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. शेवटी ती फाटकाच्या बाहेर, कुंपणाची भिंत आणि रस्ता यांच्यामधल्या मातीच्या पट्ट्यावर उभी राहिली. सामानवाल्याने आत निळं औषधी पाणी ओतलं, कुलूप-किल्ली सरांच्या हातात दिली, टाकी उपसायला गाडी येत जाईल म्हणून सांगितलं आणि निघून गेला. सरांनी पायरीशी विटा लावल्या आणि हाताला धरायला एक दांडा ठोकून घेतला. नेमके तेवढ्यात मुख्याध्यापक स्कूटरवरून चालले होते. ते थांबले, त्यांनी निळी खोली पाहिली आणि हातोडा घेतलेले सर पाहिले.

"वा! प्रात्यक्षिक चालू आहे वाटतं," ते म्हणाले आणि निघून गेले. त्या रात्री सर जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सासरेबुवा काठी टेकत गाडीतून उतरले. बायको वडिलांचा दंड धरून सगळं एका दमात सांगत होती: पाइप, सेक्रेटरी, पहिला रविवार. सासरेबुवांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते दारावरची अक्षरं वाचत होते. सावकाश, पुन्हा एकदा.

"हम्म," ते म्हणाले. "रेल्वेत एवढी वर्षं काढली, पण माझ्यासाठी वेगळा डबा कुणी जोडला नव्हता."

ते आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले. किल्लीसाठी हात पुढे केला आणि ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

डॉक्टरांनी ज्यासाठी जिवाचा आटापिटा केला ते आता आपोआप होऊ लागलं. पलंगापासून फाटकापर्यंत आणि परत, असं सासरेबुवांचं चालणं सुरू झालं. गरज नसतानाही ते जाऊन खोलीला टेकून उभे राहत, रस्ता बघत. बायकोने भिंतीच्या सावलीत एक खुर्ची टाकून दिली.

तिथेच एका दुपारी चौकातली वाहतूक पोलीस बाई येऊन उभी राहिली. पांढरा शर्ट, शिट्टी, कमरेला पट्टा. सर नुकतेच शाळेतून आले होते. गणवेश दिसला की सरांना आपलं चुकलंय असं वाटे, आणि या वेळी तर ते खरंच चुकलेलं होतं.

"मॅडम, हे अगदी तात्पुरतं आहे," ते घाईघाईने म्हणाले. "रस्त्याला अडथळा नाही, म्हणजे थोडा आहे, पण कमिटीची बैठक..."

"आत कुणी आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही. का?"

"मग किल्ली द्या की, सर," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

सासरेबुवांनी किल्ली गळ्यातून काढून दिली. बाहेर आल्यावर बाई खुर्चीशेजारी क्षणभर टेकल्या. चौकाच्या आसपास कुठे सोयच नाही, त्या सांगत होत्या. पुरुष गडी कुठेही भिंत बघतात. त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, घरी जाईपर्यंत. उन्हाळ्यात एकदा चक्कर येऊन पडल्या होत्या.

"उद्यापासून पाणी प्यायचं," सासरेबुवा फर्मान काढल्यासारखे म्हणाले. "आणि इथे यायचं. तुमची गाडी थांबवायची नाही. सिग्नल कायम हिरवा."

"बरं, आजोबा," बाई हसून म्हणाल्या.

सर मात्र हसले नाहीत. त्या चौकातून ते रोज शाळेत जात. चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची सोय कुठे होती हे त्यांना नकाशासकट पाठ होतं. या बाईंची कुठे असेल, हा विचार त्यांच्या मनाला एकदाही शिवला नव्हता. त्यांनी घरात जाऊन पाण्याची बाटली भरली आणि बाईंच्या हातात दिली.

त्यानंतर दाराला आवर राहिला नाही. पोलीस बाईंनी रस्ता झाडणाऱ्या दोघींना सांगितलं, त्यांनी औषधाच्या दुकानातल्या मुलीला, आणि मग टॅक्सीवाले, कुरिअरवाले आपल्या आपणच आले. सासरेबुवांना हुरूप चढला. ठेवणीतली शिट्टी बाहेर निघाली. बायका आधी, म्हातारे नंतर, बाकीचे रांगेत. आत कुणी फार रेंगाळलं की दारावर काठीचे दोन ठोके, "गाडी लेट होतेय!" प्रत्येकाने बाहेर येताना बादलीने आत पाणी मारायचं, नाहीतर पुन्हा प्रवेश नाही. सरांना शाळेतून येताना स्वतःच्या संडासासाठी रांगेत उभं राहावं लागे, आणि सासरेबुवा त्यांना मागे पाठवत. "घरचा माणूस म्हणून सवलत नाही."

वरून सेक्रेटरी हे सगळं बघत होते. इमारतीच्या तोंडाशी रांग, तीही कसली! त्यांनी एकदम दोन बाजूंनी हालचाल केली. एकीकडे नगरपालिकेत तक्रार दिली. दुसरीकडे, पाइप दुरुस्त झाला की खोलीला कारणच उरणार नाही, म्हणून कमिटीची वाट न बघता स्वतःच्या अधिकारात परवानगी देऊन टाकली. योजना चोख होती. तिच्यात एकच खोट होती: दोन्ही गोष्टी एकाच सकाळी घडल्या.

त्या शनिवारी शाळा लवकर सुटली. सर गल्लीत शिरले तर फाटकासमोर अतिक्रमण खात्याचा ट्रक उभा, त्यावर दोरखंड घेतलेली माणसं, आणि हातात कागद धरलेले आरोग्य निरीक्षक निळ्या दाराशी बोलत होते.

"आजोबा, बाहेर या. ही खोली जप्त करायचीय."

"मी आत आहे," दारातून आवाज आला.

"ते दिसतंय."

"दिसायला नको. म्हणून तर दार आहे."

बायको पदर खोचून मध्ये उभी होती. घरातून ठोकठोक ऐकू येत होती; प्लंबर अखेर उगवला होता. निरीक्षकांनी कागद उलटसुलट केला. आत माणूस असताना खोली उचलावी की नाही, याबद्दल त्यात काही दिसत नव्हतं. "वाट बघू," ते म्हणाले. "कधी ना कधी बाहेर यावंच लागेल."

भांडायची सरांना सवय नव्हती. त्यांना एकच गोष्ट येत होती, ती त्यांनी सुरू केली.

"साहेब, ही अशी खोली पहिल्यांदा का बनवली ते माहितेय तुम्हाला?"

आणि सरांनी तास घेतला. गोदी उभी केली. जहाजाच्या पोटात खिळे ठोकणारे लोक उभे केले, त्यांची किनाऱ्यापर्यंतची पायपीट उभी केली. दोरखंडवाले ट्रकच्या काठावर बसले. रांगेतले टॅक्सीवाले जवळ सरकले. सर मागे गेले, खिडकीतून रिकाम्या होणाऱ्या भांड्यांपाशी आले, आरोळी इतकी खरी ठोकली की निरीक्षक दचकून वर बघत बाजूला झाले. वीस वर्षांच्या नोकरीत सरांचा तास असा कुणी ऐकला नव्हता. एका ठिकाणी ते दम खायला थांबले, तर निळ्या दाराआडून आवाज आला,

"मग? पुढे काय झालं, जावईबापू?"

सरांना पुढचं वाक्य आठवेना. सासरेबुवांनी त्यांना आजवर विषयाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. बायको तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघू लागली.

पुढे काय झालं हे सांगायची वेळच आली नाही. जिन्यावरून धडधडत सेक्रेटरी खाली आले. पायात दोन वेगळ्या चपला, कपाळावर घाम, चेहऱ्यावर अशी एकाग्रता की रांग आपोआप दुभंगली.

"पाइप," ते कसेबसे म्हणाले. "त्याने पाइप कापला!"

"तुम्हीच परवानगी दिलीत ना?" सर भाबडेपणाने म्हणाले. समोरचे इंजिनिअर अजून मुलीकडेच होते. सेक्रेटरींनी त्यांच्या बंद दाराकडे पाहून घेतलं होतं. आता जगात एकच दार उरलं होतं. त्यांनी त्यावर हलकेच टकटक केली.

"आजोबा... मी वरचा. सेक्रेटरी."

"बोला."

"जरा बाहेर येता का?"

"मी बाहेर आलो की हे लोक खोली उचलणार. तुमचीच तक्रार आहे म्हणे."

"मागे घेतो!"

"साहेबांना सांगा. मोठ्याने."

"घेतली मागे! साहेब, तक्रार मागे! काही अडथळा नाही, फार उपयुक्त वस्तू आहे!"

कडी वाजली. सासरेबुवा काठी टेकत सावकाश, अगदी सावकाश बाहेर आले. दांडा धरला, एक पायरी, थांबले, दुसरी पायरी. "गुडघा नवा आहे," त्यांनी सेक्रेटरींना समजावलं. सेक्रेटरी आत दिसेनासे झाले. लोकांनी टाळ्या वाजवायला नको होत्या, पण वाजवल्या.

तेवढ्यात चौकातून पोलीस बाई आल्या. त्यांनी ट्रकभोवती एक फेरी मारली. "साहेब, ट्रक वळणावर उभा केलाय. इथे थांबायला बंदी आहे. दंड लिहू की निघताय?"

निरीक्षक वैतागले. तक्रार गेली, आत पुन्हा माणूस, वर दंड. "मला ट्रक रिकामा नेता येत नाही हो," ते सरांना म्हणाले, जवळजवळ काकुळतीला येऊन. "जप्तीला गेलो आणि काहीच आणलं नाही तर साहेब मला काय म्हणतील?"

सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते धावत व्हरांड्यात गेले आणि जुनं भांडं उचलून घेऊन आले. निरीक्षकांनी ते तपासलं, कागदावर खरडलं आणि दोन माणसांनी त्याला दोरखंडाने व्यवस्थित बांधून ट्रकवर चढवलं. ओला की सुका, कुणी विचारलं नाही. ट्रक निघाला तेव्हा वॉचमन त्याच्यामागे काही पावलं धावला, "सरांचं भांडं! सरांचं भांडं!" म्हणून. त्याला धरून आणावं लागलं.

त्यानंतरच्या गोष्टी फार आवाज न करता झाल्या. पाइप बसला, फरशी बसली, प्लंबरचे दोन दिवस एकदाचे संपले. निळी खोली परत न्यायला सामानवाला आला त्याच्या आदल्या दिवशी सर पोलीस बाईंना घेऊन नगरपालिकेत गेले होते. तिथे त्यांना या खिडकीतून त्या खिडकीत पाठवण्यात आलं. पण आपण कशाबद्दल बोलतोय हे या वेळी त्यांना नुसतं पाठ नव्हतं, तर त्यांनी स्वतः भोगलं होतं, त्यामुळे ते हटले नाहीत. प्रत्येक खिडकीत ते गोदीपासून सुरुवात करत. तिसऱ्या खिडकीतल्या माणसाने जेवणाची सुट्टी वाचवण्यासाठी सही करून टाकली. खोली चौकात, पोलिसांच्या छत्रीमागे गेली, भाडं नगरपालिकेकडे गेलं. पक्कं बांधकाम होईपर्यंत, असं कागदावर लिहिलेलं आहे. दोरखंडवाल्यांनी ती उचलली तेव्हा सेक्रेटरी स्वतः "सांभाळून, सांभाळून," म्हणत पुढे चालत होते.

आणि घरात कमोड बसला. पांढराशुभ्र, चकचकीत, पाण्याचं बटण मऊ. भिंतीला सासरेबुवांच्या उंचीचा दांडा. सरांनी स्वतः फरशी पुसली. बायकोने नवा टॉवेल लावला. सासरेबुवा आत गेले आणि दार लोटलं. बाहेर दोघं नवरा-बायको निकालाची वाट बघत उभे राहिले. मग पाणी सुटलं, नव्या पाइपातून गडगडत गेलं, आणि वरच्या मजल्यावर कुणी ओरडलं नाही.

सासरेबुवा बाहेर आले. हात पुसले. लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, मग एकदा वळून त्या पांढऱ्या वैभवाकडे पाहिलं.

"चांगलंय," ते म्हणाले. "काम चोख झालंय, जावईबापू. नावं ठेवायला जागा नाही."

सरांचा ऊर भरून आला.

"फक्त," काठी घेऊन चौकाच्या दिशेने निघत सासरेबुवा म्हणाले, "इथे माणसं भेटत नाहीत."